'जाडसर वाटलेली चटणी' इंग्रजीत कशी लिहावी? विशेषणाआधी येणाऱ्या क्रियाविशेषणांविषयी शंका

मेतकूट यांचा प्रश्न

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात राहते आणि काही वर्षांपासून घरगुती मसाले, थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि कोरड्या चटण्या करून विकते. आजवर पाकिटांवरचा मजकूर मराठीतच असे. परंतु ज्यांची मुले परदेशी आहेत अशी काही गिऱ्हाइके आता पाकिटे तिकडे नेऊ लागली आहेत, आणि तिकडच्या शेजाऱ्यांनाही वाचता यावे म्हणून मागच्या बाजूला चार ओळी इंग्रजीत असाव्यात, असे त्यांनी सुचवले. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असल्यामुळे मी शब्दकोश उघडून बसले आणि पुढील मजकूर तयार केला: लसणीच्या चटणीसाठी 'कोअर्स ग्राउंड गार्लिक चटणी', मेतकुटासाठी 'फाइन ग्राउंड', कांदा-लसूण मसाल्यासाठी 'इनफ स्पायसी', आणि सर्वांसाठी मिळून 'टू टेस्टी अँड व्हेरी डिलिशस, होमली टेस्ट'.

कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाचीने यातील जवळजवळ प्रत्येक शब्दाभोवती लाल वर्तुळ काढले आणि "मावशी, इथे अॅडव्हर्ब हवे" एवढेच सांगून ती परीक्षेला निघून गेली. माझी अडचण अशी आहे की, अॅडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण आणि क्रियाविशेषण म्हणजे क्रियेविषयी अधिक माहिती सांगणारा शब्द, असे आम्ही शाळेत पाठ केले होते. माझ्या पाकिटावर मुळात क्रियापदच नाही. आहे ती चटणी आणि तिचे वर्णन. मग जिथे क्रियाच नाही, तिथे क्रियाविशेषणाचे काय काम, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

खडू आणि डस्टर यांचे उत्तर

ताई, आपली शंका अगदी योग्य आहे आणि तिचा दोष आपल्याकडे नसून नावाकडे आहे. 'क्रियाविशेषण' या नावामुळे हा शब्द केवळ क्रियेशी बांधलेला आहे असे वाटते, आणि इंग्रजी नावातही 'व्हर्ब' दडलेला असल्यामुळे तिकडच्या मुलांचाही असाच गोंधळ होतो. प्रत्यक्षात मराठीतही हे शब्द विशेषणांना बिनदिक्कत चिकटतात. 'फार तिखट', 'जरा आंबट', 'अगदी ताजे' असे आपण रोज म्हणतो. त्यातील 'फार', 'जरा' आणि 'अगदी' कोणत्या क्रियेविषयी सांगतात? ते तिखटपणाचे, आंबटपणाचे आणि ताजेपणाचे माप सांगतात.

आपल्या मजकुरात मात्र दोन निरनिराळी कामे एकत्र आली आहेत आणि ती वेगळी केल्याशिवाय उलगडा होणार नाही. पहिले काम 'कोअर्स ग्राउंड'मधले आहे. 'ग्राउंड' हे 'ग्राइंड' या क्रियापदाचे तिसरे रूप, म्हणजे आपण ज्याला 'वाटलेली' असे धातुसाधित विशेषण म्हणतो, तेच. तेव्हा आपल्या पाकिटावर क्रिया नाही असे नाही. ती विशेषणाच्या पोटात बसलेली आहे. 'जाडसर' हा शब्द चटणीविषयी नाही, वाटण्याविषयी आहे: कशी वाटली, तर जाडसर. म्हणून इंग्रजीत 'कोअर्सली ग्राउंड'. याच न्यायाने 'फाइनली ग्राउंड', 'लाइटली सॉल्टेड', 'फ्रेशली रोस्टेड'. दुसरे काम 'स्पायसी', 'टेस्टी' यांच्या आधी येणाऱ्या शब्दांचे आहे. तिथे क्रियेचा मागमूस नाही. तिथे प्रश्न 'कसे' असा नसून 'किती' असा आहे.

पहिल्या प्रकारात आपण सर्वजण का चुकतो, याचे कारण मला चाळीस वर्षे शिकवूनही निवृत्तीनंतरच नीट कळले. 'बारीक चिरलेला कांदा' म्हणताना आपण 'बारीक'चे रूप बदलत नाही. वर्तमानपत्रे 'दोघे गंभीर जखमी' असे छापतात; 'गंभीरपणे जखमी' लिहिले तर ते भाषांतर केल्यासारखे वाटते. मराठीत विशेषणाचाच शब्द, काहीही अंगाला न लावता, क्रियाविशेषणाच्या खुर्चीत जाऊन बसतो. तीच सवय इंग्रजीत नेली की 'सीरियस इंजर्ड' आणि 'फाइन चॉप्ड' तयार होतात. इंग्रजीला तिथे बहुतेक वेळा शेपटाला 'ली' लागतो, आणि तो 'ली' वाचणाऱ्याला सांगतो की हा शब्द पुढच्या विशेषणावर टेकलेला आहे, शेवटच्या नामावर नाही.

हा फरक केवळ शोभेचा नाही. 'अ फ्रेश, कोअर्सली ग्राउंड चटणी' म्हटले तर चटणी ताजी आणि वाटण जाडसर. 'अ फ्रेशली ग्राउंड चटणी' म्हटले तर ती नुकतीच वाटलेली आहे. सहा महिने दुकानात राहणाऱ्या पाकिटावर यांपैकी कोणते लिहावे, हा प्रश्न व्याकरणाचा उरत नाही, ते आपणच ठरवावे.

आणखी एक गंमत सांगून थांबतो. मराठीत असे काही शब्द लिंगवचनाप्रमाणे बदलतात: 'बराच जुना वाडा', 'बरीच जुनी विहीर', 'बरेच जुने देऊळ'. म्हणजे 'बराच' काम करतो 'जुना'चे, पण कपडे घालतो वाड्याचे. इंग्रजीत हा प्रकार अजिबात नाही. 'व्हेरी', 'क्वाइट', 'रादर' यांची रूपे कशाही पुढे तीच राहतात.

यॉर्कशायरचा पाऊस यांचे उत्तर

मी गेली काही वर्षे लीड्समध्ये राहते. सरांचे विवेचन मान्य करूनही एक सांगावेसे वाटते की, इथल्या दुकानांत मिऱ्याच्या बरणीवर 'कोअर्स ग्राउंड' असे 'ली'शिवाय छापलेले सर्रास दिसते. त्यामुळे ताईंचा पहिला मजकूर अगदीच अडाणी होता असे मी म्हणणार नाही. व्यापारात तो मालाच्या प्रतवारीचे नाव म्हणून रुळला आहे. मात्र पूर्ण वाक्य लिहायचे असेल तर 'कोअर्सली'च योग्य.

माझ्या मते खरा धोका 'टू टेस्टी'मध्ये आहे. भारतात आपण 'टू गुड' हे कौतुक म्हणून वापरतो आणि समोरच्यालाही ते कौतुकच वाटते. इथे 'टू' ऐकले की ऐकणारा पुढच्या तक्रारीची वाट पाहतो. 'टू स्पायसी' म्हणजे खूप तिखट नव्हे. झेपणार नाही इतके तिखट. 'अति तेथे माती' या म्हणीतला जो 'अति', तोच हा 'टू'. त्याच्या आत एक 'नाही' लपलेला असतो: 'द टी इज टू हॉट टु ड्रिंक' या वाक्यात कुठेही 'नॉट' नाही, तरी अर्थ 'चहा इतका गरम आहे की पिता येत नाही' असाच होतो. मराठीत जो नकार आपण उघड बोलतो, तो इंग्रजीत या एका छोट्याशा शब्दाच्या पोटात जातो. पहिल्या वर्षी मी एका सहकारी बाईंना त्यांनी आणलेला केक 'टू स्वीट' आहे असे मनापासून सांगितले होते. पुढच्या वेळी त्यांनी माझ्यासाठी कमी साखरेचा वेगळा तुकडा आणला, तेव्हा माझ्या ध्यानात आले.

'क्वाइट'च्या बाबतीतही जपावे. ब्रिटनमध्ये 'क्वाइट गुड' हे बहुधा 'बरे आहे' एवढेच असते आणि स्वर जरा खाली आला तर 'ठीक आहे, पण' असे होते. अमेरिकेत तेच शब्द बऱ्यापैकी मोकळ्या स्तुतीचे असतात. आणि 'परफेक्ट' किंवा 'इम्पॉसिबल' यांसारख्या शब्दांपुढे 'क्वाइट' आला की दोन्हीकडे त्याचा अर्थ 'पूर्णपणे' असा होतो. एकच पाकीट दोन्ही देशांत जाणार असेल तर 'क्वाइट' टाळलेलाच बरा.

'होमली'बद्दल: शेवटी 'ली' असला तरी हा शब्द क्रियाविशेषण नाही, विशेषणच आहे, 'फ्रेंडली', 'लव्हली' यांच्या जातीतला. अमेरिकेत एखाद्या व्यक्तीला 'होमली' म्हणणे म्हणजे ती दिसायला सामान्य आहे असे सुचवणे. 'होममेड' लिहावे, म्हणजे कोणी दुखावणार नाही. आणि 'व्हेरी डिलिशस' चालेल, त्यात मला काही चूक दिसत नाही.

शब्दशः यांचे उत्तर

भाषांतर हा माझा व्यवसाय आहे, म्हणून दोन ठिकाणी असहमती नोंदवतो.

'टू' नेहमीच तक्रारीचा असतो हे संपूर्ण खरे नाही. 'नॉट टू बॅड' हे इंग्रज माणसाचे चांगलेच प्रशस्तिपत्र असू शकते आणि 'ओन्ली टू ग्लॅड' म्हणजे 'मोठ्या आनंदाने'. पण हे सगळे बांधलेले प्रयोग आहेत. पाकिटावर एकटा उभा असलेला 'टू' तक्रारीचाच वाचला जाईल, तेव्हा निष्कर्ष बदलत नाही.

दुसरी असहमती 'व्हेरी डिलिशस'बद्दल आहे. ते चूक आहे असे मी म्हणत नाही, लोक बोलतात. परंतु कानाला ते किंचित बोथट लागते आणि त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. काही विशेषणांना पायऱ्या असतात: गरम, थोडे गरम, जास्त गरम. अशांना 'व्हेरी', 'फेअरली', 'रादर', 'स्लाइटली' हे मापाचे शब्द सहज लागतात. काही विशेषणे मात्र स्वतःच शेवटच्या पायरीवर उभी असतात. 'इनॉर्मस' म्हणजेच फार मोठा, 'फ्रीझिंग' म्हणजेच फार थंड, 'एक्सलंट' म्हणजेच फार चांगला. त्यांना आणखी वर चढवायला जागा नसते, म्हणून इंग्रजी तिथे 'अॅब्सोल्यूटली' किंवा 'कम्प्लीटली' असे शब्द योजते, ज्यांचा अर्थ 'जास्त' नसून 'पुरता' असा आहे. 'व्हेरी इनॉर्मस' म्हणत नाहीत, 'अॅब्सोल्यूटली इनॉर्मस' म्हणतात. उलट 'अॅब्सोल्यूटली बिग' म्हणत नाहीत. 'रिअली' तेवढा दोन्ही घरी जेवतो. 'डिलिशस' हा शब्द वरच्या पायरीजवळचा आहे, म्हणून त्याला 'अॅब्सोल्यूटली' किंवा 'रिअली' अधिक शोभतो.

हा नियम परका वाटत असेल तर आपल्याच बोलण्याकडे कान द्यावा. आपण 'फार काळा' म्हणतो, पण 'फार काळाकुट्ट' म्हणत नाही. 'खूप पांढरे' होईल, 'खूप पांढरेशुभ्र' होणार नाही. 'हिरवेगार', 'पिवळेधमक', 'लालभडक', 'थंडगार' यांतला दुसरा तुकडा हा आधीच पूर्ण भरलेल्या मापासारखा आहे. 'अगदी काळाकुट्ट' मात्र चालते, कारण 'अगदी' म्हणजे 'पुरता'. इंग्रजीतला 'अॅब्सोल्यूटली' नेमके हेच काम करतो. ज्याला 'खूप काळाकुट्ट' खटकते, त्याला 'व्हेरी इनॉर्मस' का खटकावे हे वेगळे शिकवावे लागू नये, असे मला वाटते. शाळेत ही तुलना कोणी करत नाही, एवढेच.

हे तुकडे इंग्रजीतही आहेत. 'पिच डार्क' म्हणजे काळाकुट्ट अंधार, 'ब्रँड न्यू' म्हणजे कोरा करकरीत, 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला, 'वाइड अवेक' म्हणजे टक्क जागा. यांत 'ली' नाही आणि अदलाबदलही होत नाही. जसे 'हिरवाभडक' आणि 'पिवळागार' मराठी माणूस म्हणत नाही, तसेच 'वाइड अस्लीप' इंग्रज म्हणत नाही. 'फास्ट अस्लीप'मधला 'फास्ट' वेगाचा नाही, तो 'घट्ट' या जुन्या अर्थाचा आहे, जो 'फासन' या क्रियापदात अजून जिवंत आहे.

विषय निघालाच आहे म्हणून: 'व्हेरी' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून 'खरा' या अर्थाने इंग्रजीत आला आणि हळूहळू 'खरोखर'वरून 'खूप'वर घसरला. 'धिस व्हेरी हाउस' म्हणजे 'हेच घर', यात तो जुना अर्थ शिल्लक आहे. 'टेरिबली' आणि 'ऑफुली' हे शब्द भीतीचे होते आणि आता 'टेरिबली नाइस'ही ऐकू येते. त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण 'भयंकर आवडले' आणि 'भलतीच गोड' आपणही म्हणतोच. जोर दाखवणारे शब्द वापरून वापरून झिजतात आणि मग नवे शोधावे लागतात, हे दोन्ही भाषांत सारखेच आहे.

मेतकूट

आपणा सर्वांचे मनापासून आभार. 'वाटलेली'च्या पोटात क्रिया बसली आहे, हे वाचल्यावर एकदम उजेड पडला. दोन गोष्टी अजून उरल्या. 'इनफ स्पायसी'मध्ये नेमके काय चुकले? आणि माझ्याकडे दोन प्रकारचा मसाला आहे, त्यातला दुसरा पहिल्यापेक्षा खूप तिखट आहे. त्यासाठी 'व्हेरी स्पायसिअर' लिहावे का?

खडू आणि डस्टर

'इनफ' हा मापाचा शब्द असूनही रांगेत मागे उभा राहतो: 'स्पायसी इनफ', 'हॉट इनफ', 'ओल्ड इनफ'. नामापुढे मात्र तो आपल्यासारखाच आधी येतो: 'इनफ वॉटर'. त्यामुळे 'इनफ स्पायसी चटणी' वाचणारा इंग्रज त्याचा अर्थ 'तिखट चटणी पुरेशी आहे', म्हणजे आणखी नको, असा लावेल. शिवाय 'स्पायसी इनफ' लिहिले तरी 'कशासाठी पुरेसा' हा प्रश्न उरतोच. 'माइल्ड इनफ फॉर चिल्ड्रन' याला अर्थ आहे. नुसता 'पुरेसा तिखट' मराठीतही अर्धवट वाटतो.

'व्हेरी स्पायसिअर' मात्र चालणार नाही. तुलना करताना मराठी विशेषणाचे रूप बदलत नाही, 'खूप तिखट' आणि 'त्याच्यापेक्षा खूप तिखट' यांत तोच 'खूप' आणि तोच 'तिखट' येतो. इंग्रजीत तुलनेचे रूप आले की 'व्हेरी' बाजूला होतो आणि त्याच्या जागी 'मच' किंवा 'फार' येतो: 'मच स्पायसिअर', 'फार स्पायसिअर'. हा इंग्रजीतला 'फार' म्हणजे 'दूर', त्याचा आपल्या 'फार'शी संबंध जोडू नये; पण लक्षात ठेवायला सोय चांगली आहे.

याच जागेची आणखी एक खोड आहे, ती दोन्ही भाषांत सारखी आढळते. 'अधिक अनुभवी शिक्षक हवेत' या जाहिरातीत शिक्षकांची संख्या अधिक हवी की त्यांचा अनुभव? 'मोअर एक्स्पीरिअन्स्ड टीचर्स'ही तसेच दुतोंडी आहे. 'अधिक' नामाला लागला की विशेषणाला, हे वाक्य सांगत नाही. अशा वेळी शब्दाची जागा बदलून भागत नाही, वाक्यच नव्याने लिहावे लागते.

मेतकूट

आता सर्व नियम ध्यानात घेऊन मजकूर पुन्हा लिहिला आहे, कृपया पाहावा. लसूण चटणी: 'कोअर्सली ग्राउंड, होममेड'. मेतकूट: 'फाइनली ग्राउंड'. तिखट मसाला: 'मच स्पायसिअर दॅन अवर रेग्युलर मसाला'. सर्वांवर: 'अॅब्सोल्यूटली डिलिशस'. आणि थालीपिठाची भाजणी आम्ही चांगली कडक भाजतो, म्हणून 'ली' विसरू नये या हेतूने 'हार्डली रोस्टेड भाजणी'. छपाईवाल्याला आज संध्याकाळी मजकूर द्यायचा आहे.

यॉर्कशायरचा पाऊस

ताई, कृपया छपाईवाल्याला लगेच फोन करा. 'हार्डली' हा 'हार्ड'चा अर्थ घेत नाही. 'हार्डली रोस्टेड' म्हणजे जेमतेम भाजलेली, जवळजवळ कच्चीच. 'हार्ड'ला क्रियाविशेषण करायचे तर तो आहे तसाच राहतो, जसे 'वर्क हार्ड'. 'लेट' आणि 'लेटली' यांचीही अशीच फारकत आहे: 'लेट' उशिरा, 'लेटली' अलीकडे.

भाजणीसाठी 'वेल-रोस्टेड' लिहा आणि मध्ये छोटी आडवी रेघ द्या. 'कोअर्सली ग्राउंड'मध्ये ती रेघ देऊ नका, कारण 'ली' आला की जोड आपोआप कळते. तुम्ही धान्य मंद आचेवर बराच वेळ भाजत असाल तर 'स्लो-रोस्टेड' अधिक चपखल होईल.

शब्दशः

मेतकुटाच्या 'फाइनली'चे स्पेलिंगही एकदा तपासावे. मधे चुकून 'ई'च्या जागी 'ए' आणि जादा 'एल' पडला तर अर्थ 'अखेरीस दळलेले' असा होतो. आपण देवनागरीत दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच लिहितो, त्यामुळे ही चूक फार सहज होते. आणि मिरची उन्हात वाळवलेली असेल किंवा पीठ जात्यावर दळलेले असेल, तर 'सन-ड्राइड' आणि 'स्टोन-ग्राउंड' असे थेट नाम जोडून लिहिता येते. तिथे क्रियाविशेषणाची गरजच पडत नाही.

मेतकूट

फोन केला. त्याने प्लेट अजून काढली नव्हती. भाजणी आम्ही लोखंडी कढईत मंद आचेवरच भाजतो, तेव्हा 'स्लो-रोस्टेड' ठरले, आणि मिरची गच्चीवर वाळते म्हणून 'सन-ड्राइड'ही घातले. 'खमंग'साठी मात्र शब्दकोशात मिळालेल्या तिन्ही शब्दांनी समाधान झाले नाही, त्यामुळे तो शब्द पुढच्या बाजूला मराठीतच मोठ्या अक्षरात राहील.